ब्रेस्ट कॅन्सर झालेल्या बाईला धूसर दिसायला लागलं तर या चुका टाळा

इंदूरला आपल्या मराठी घरांत हे ठरलेलंच, आईला किंवा काकूला धूसर दिसतंय म्हटलं की राजवाड्याकडे जाऊन चष्म्याचा नंबर काढायचा, नवी फ्रेम घ्यायची, विषय संपला. एरवी ठीक आहे हो, पण जिला कधीकाळी ब्रेस्ट कॅन्सर झालाय तिच्यासाठी ही पहिली चूक. हा कॅन्सर डोळ्यातही जातो, बायकांच्या डोळ्यात दुसरीकडून पसरून आलेल्या कॅन्सरमध्ये ब्रेस्टचाच सगळ्यात जास्त सापडतो. तो बहुतेकदा पडद्यामागच्या रक्तवाहिन्यांच्या थरात बसतो, त्याला कोरॉइड म्हणतात, मग तिथे पाणी साचतं, पडदा उचलला जातो आणि चष्मा कितीही बदला, दिसायचं तसंच दिसतं.

डोळा बहुधा दुखत नाही, लालही होत नाही, म्हणून चालढकल होते. कुणी गुलाबजल घालतं, कुणी त्रिफळ्याच्या पाण्याने धुतं, आणि त्यात आठवडे जातात. घरच्या घरी एवढं करा: एक डोळा तळहाताने झाकून बाथरूमच्या टाइल्सच्या रेघांकडे बघा, मग दुसरा. रेघ मध्येच वाकडी दिसली, कडेला काळी सावली आली, डोळ्यापुढे वीज चमकल्यासारखं झालं किंवा काळे ठिपके एकदम वाढले तर वाट बघू नका, आणि रेघा सरळ दिसल्या तरी धूसरपणा असेल तर दाखवायचंच. दोन-दोन दिसणं, पापणी खाली येणं हेही त्यातलंच, तेव्हा गाठ डोळ्याच्या मागच्या खोबणीत असू शकते. गाठ म्हटलं की डोळा बाहेर येणार असं सगळ्यांना वाटतं, पण ब्रेस्टच्या कॅन्सरमध्ये कधीकधी उलट, डोळा आत ओढला जातो.

दुसरी चूक म्हणजे लपवणं, आणि माझ्या मते हीच सगळ्यात घातक. डोळ्यांच्या डॉक्टरपुढे सून म्हणते, "आई, ते ऑपरेशनचं सांगू का?" तर सासूबाई लगेच, "अगं, किती वर्षं झाली त्याला, आता कशाला काढतेस?" अहो, तेच तर सांगायचं असतं! बरं होऊन कितीतरी वर्षं झाल्यावरही हा पसरू शकतो, आणि समोरच्याला जुनी गोष्टच माहीत नसेल तर वयाकडे बघून मोतीबिंदूवर गाडी थांबू शकते. जुनी बायोप्सी आणि ईआर, पीआर, हर-टूचा रिपोर्ट सोबत न्या, कॅन्सर हार्मोनवर वाढणारा आहे की हर-टूवाला, ते त्यात असतं. थेंब टाकून पडदा तपासायला सांगा, तोही दोन्ही डोळ्यांचा, कारण त्रास एकाला आणि गाठी दोन्हीकडे असंही होतं. पुढे डोळ्याची सोनोग्राफी, ओसीटी म्हणजे पडद्याच्या थरांचं स्कॅन होतं, मेंदूचा एमआरआय सांगितला तर कटकट करू नका, डोळ्यात पोचलेला कॅन्सर मेंदूतही असू शकतो.

निदान ऐकलं की घरात एकच प्रश्न, डोळा काढावा लागणार का? सहसा नाही. इथे उपचार पूर्ण शरीराचा असतो, फक्त डोळ्याचा नाही, म्हणून डोळ्यांचे डॉक्टर आणि कॅन्सरचे डॉक्टर दोघांना एकमेकांचे रिपोर्ट दाखवायचेच, एकाला धरून दुसऱ्याला सोडू नका. हार्मोनवाला प्रकार असेल तर गोळ्या, हर-टू पॉझिटिव्ह असेल तर ट्रास्टुझुमॅबसारखी औषधं, किंवा किमो, आणि गाठ लहान असेल, दिसायला धोका नसेल तर कधीकधी एवढ्यावरच ती आटोक्यात येते. नजर जायची भीती असेल तर डोळ्याला शेक, म्हणजे रेडिएशन, साधारण दोन ते चार आठवडे, सोमवार ते शुक्रवार, तोंडावर जाळीचा मास्क लावून. डोके हलू नये म्हणून तो असतो, त्याने दुखत नाही. नंतर डोळा कोरडा पडू शकतो, पुढे मोतीबिंदू होऊ शकतो, आणि पाणी ओसरून दिसायला फरक पडायला काही आठवडे लागतात, त्यामुळे चार शेक घेऊन "काही फायदा नाही" म्हणत मध्येच सोडायचं नाही.

आणखी एक, टॅमॉक्सिफेन या ब्रेस्ट कॅन्सरच्या हार्मोनवाल्या गोळीने क्वचित पडद्यावर परिणाम होतो हे कुठेतरी वाचून गोळी स्वतःच्या मनाने बंद करणारे आहेत. आधी विचारा, मग काय ते ठरवा.

थेंब टाकल्यावर काही तास नीट दिसत नाही, उन्हात तर फारच त्रास होतो, तेव्हा तपासणीला स्कूटी नेऊ नका, कुणाला तरी सोबत घ्या.