मासेमारीच्या कयाकवर खुर्ची, नांगर आणि फिशफाइंडर कसे बसवावेत

कयाक घरी आली की पहिल्या आठवड्यात फिशफाइंडर, म्हणजे पाण्याखालचा तळ आणि मासे पडद्यावर दाखवणारं यंत्र, मागवला जातो. मग मे महिन्यात खाडीत चार तास बसल्यावर कळतं की आधी खुर्ची बदलायला हवी होती. म्हणून इथे क्रम उलटा धरला आहे: आधी बैठक, मग नांगर, वायरिंग सगळ्यात शेवटी. खुर्ची उंच झाली की हात कुठवर पोचतो ते बदलतं. हात पोचेल तिथे नांगराची दोरी यायला हवी, आणि या दोन्हींतून उरलेल्या जागेत फिशफाइंडरचा पडदा बसतो. क्रम चुकला की भोकं चुकतात, आणि प्लास्टिकला पाडलेलं भोक परत घेता येत नाही.

खालची मापं साधारण १२ फुटी, एकट्याने चालवायच्या, वर बसायच्या पॉलिथिलीनच्या कयाकसाठी आहेत. पाणी म्हणजे कोकण-गोव्यातल्या खाड्या आणि किनाऱ्यालगतचे खडक.

आधी वजनाचा हिशोब

कयाकवर लिहिलेल्या क्षमतेच्या ७० टक्क्यांपर्यंतच भार टाका. क्षमता १५० किलो असेल तर हातात १०५ किलो आहेत. ७५ किलोचा माणूस, ४ किलोची खुर्ची, नांगर-साखळी-दोर मिळून ४, बॅटरी आणि पडदा ३, क्रेट आणि गळ ६, पिण्याचं पाणी ३, बर्फाची पेटी ५: झाले १०० किलो. अजून मासा आलेलाच नाही. तेव्हा दिसेल ती वस्तू लावत सुटू नका.

मग कागदी चिकटपट्टी घेऊन कयाकमध्ये बसा, वल्हं हातात धरा आणि दोन्ही बाजूंनी पूर्ण वल्हवून बघा. वल्ह्याची दांडी किंवा बोटं जिथून जातात तो पट्टा चिकटपट्टीने आखून घ्या. त्या पट्ट्यात काहीही बसवायचं नाही, गळ ठेवायची नळीसुद्धा नाही. हीच आखणी घेऊन दोन फेऱ्या पाण्यात मारा. घरच्या अंगणात सोयीची वाटणारी जागा लाटेवर बऱ्याचदा चुकीची ठरते.

बैठक

आपल्या दमट हवेत सगळ्यात उपयोगी बदल म्हणजे ॲल्युमिनियमच्या चौकटीची, जाळीदार कापडाची खुर्ची. पाठीला वारा लागतो, बूड पाण्यात राहत नाही. जेलची गादी दुकानात छान वाटते, उन्हात मात्र तापते. स्पंजची उशी पाणी पिऊन बसते आणि खाऱ्या पाण्याने कातडी सोलवटते.

पण खुर्ची उंच केली की तोल वर जातो. कयाकची रुंदी ७५ सेंटीमीटरपेक्षा कमी असेल तर खुर्ची खालच्याच पातळीवर ठेवा, फक्त पाठीचा आधार सुधारा. रुंद कयाकवर १५ ते २० सेंटीमीटर उंची चालते. त्याबरोबर २३० सेंटीमीटरचं वल्हं तोकडं पडतं, २४० ते २५० लागतं. तोकड्या वल्ह्याने माणूस वाकून वल्हवतो आणि खुर्चीने वाचवलेली कंबर वल्ह्यापायी जाते. पायटेकू असा लावा की गुडघे जरासे वाकलेले राहतील. पाय ताठ सुटले की सगळा भार माकडहाडावर येतो.

लाइफ जॅकेट खुर्चीवर बसून, अंगात घालूनच निवडा. पाठीकडचा फोम वर, खांद्याच्या पातळीला असलेलं घ्या. साध्या जॅकेटचा फोम खुर्चीच्या पाठीला अडतो आणि जॅकेट हनुवटीपर्यंत वर सरकतं. मग माणूस ते काढून मागे ठेवतो, आणि ते तिथेच राहतं.

पायाखाली ५-६ मिलिमीटरचं ईव्हीए फोमशीट लावा. आरामाइतकाच त्याचा दुसरा उपयोग मोठा आहे: शिसं किंवा पक्कड आपटल्याचा आवाज पाण्यात जात नाही. पॉलिथिलीनला काहीच नीट चिकटत नाही, म्हणून आधी साबणाने धुवा, मग आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा, कडा गोल कापा आणि चिकटवून २४ तास पाणी लावू नका. टोकदार कोपरे हमखास आधी उचकटतात. पाणी निचऱ्याची भोकं झाकू नका.

भोक पाडायचंच असेल तर

ड्रिल हळू फिरवा. वेगाने फिरवलं तर प्लास्टिक कापलं न जाता वितळतं आणि भोक वाकडंतिकडं होतं. आधी ३ मिलिमीटरचं भोक पाडून आत टॉर्चने बघा. मागे दुहेरी भिंत किंवा फोमचा ठोकळा असू शकतो. पाणरेषेखाली भोक नाही, हे ठरलेलं.

आत हात पोचत असेल तिथे ३१६ दर्जाचा स्टेनलेस बोल्ट, आतून रुंद वॉशर आणि नायलॉनची कडी असलेला नट वापरा. ३०४ दर्जाचा बोल्ट खाऱ्या पाण्यात लवकर तांबूस डाग धरतो. हात पोचत नसेल तिथे मागे तीन पाकळ्यांत फुटणारा रिव्हेट लावा. साधा पॉप रिव्हेट मऊ प्लास्टिकमधून ओढून निघतो. प्रत्येक भोकात समुद्री वापराचं सीलंट भरा. नट कचकचून आवळू नका, दाबाखाली पॉलिथिलीन हळूहळू सरकतं आणि महिन्याभरात तोच नट सैल होतो. अंगासरसा आवळा, दोन फेऱ्यांनी पुन्हा अर्धा आटा द्या.

नांगर

कयाकवर सगळ्यात जास्त अपघात घडवू शकणारी वस्तू हीच. नांगर मधून, म्हणजे बसल्या जागेच्या बाजूने बांधला, की ओढ कयाकला आडवी धरते आणि त्या बाजूची कड खाली खेचते. ओहोटीच्या धारेत उलटायला तेवढं पुरतं. नांगराची ओढ नेहमी नाळेवर, म्हणजे पुढच्या टोकावर, किंवा मागच्या टोकावर हवी. पण बसल्या जागेवरून टोकापर्यंत हात पोचत नाही, म्हणून नांगराची ट्रॉली: कयाकच्या बाजूने दोन कप्प्यांवर फिरणारा दोर, ज्याने नांगराची रिंग बसल्या जागेवरून टोकापर्यंत सरकवता येते.

सामान: छोट्या कप्प्या २, त्या अडकवायला कड्या २, स्टेनलेसचं ५ सेंटीमीटरचं रिंग १, ४-५ मिलिमीटर जाडीचा विणलेला दोर ८ मीटर, बंजी (ताणला जाणारा रबरी दोर) ३० सेंटीमीटर, दात असलेलं क्लीट (दोर दाबून धरणारी पकड) १.

१. गळ टाकायचा हात उजवा असेल तर ट्रॉली डाव्या बाजूला. मासा उजवीकडून वर घेता येतो, दोरीत गुंतत नाही.

२. एक कप्पी नाळेजवळ, एक मागच्या टोकाजवळ लावा, जेवढी टोकाला जाईल तेवढी. नाळेपासून दोन फूट अलीकडे लावलेली कप्पी धारेत कयाक तिरकी धरते.

३. दोर दोन्ही कप्प्यांतून फिरवून त्याची दोन्ही टोकं रिंगला बांधा. मागच्या कप्पीला आणि कडीला जोडणारा दुवा बंजीचा ठेवा. दोर ताठ राहतो आणि झटका शोषला जातो.

४. क्लीट हाताजवळ बसवा. नांगराचा दोर रिंगमधून घ्या, रिंग टोकाकडे सरकवा, मग दोर क्लीटमध्ये दाबा. वर ओढला की सुटला पाहिजे. गाठ मारून कधीच बांधू नका.

आता नांगर. खडकाळ तळाला दीड किलोचा घडीचा, चार नखांचा नांगर चालतो. वाळूला पंजासारखा किलोभराचा. खाडीच्या मऊ गाळात चार नखांचा नांगर नांगरणी करत सरकत राहतो. तिथे मीटरभर पाण्यात सरळ काठी रोवा. २ मीटरची, बोटाएवढी जाड फायबरची काठी मिळते, भरीव बांबूही तेच काम करतो आणि हातातून सुटला तर तरंगतो. नांगराला १ मीटर, ६ मिलिमीटर जाडीची साखळी लावा. साखळीच्या वजनाने ओढ आडवी राहते, म्हणून नखं तळ धरतात. उभी ओढ आली की तोच नांगर उपटला जातो.

दोराची लांबी संथ पाण्यात खोलीच्या ३ पट, वारा किंवा धार असेल तर ५ ते ७ पट. खोली मोजताना भरती धरा. मुंबईला उधाणाच्या दिवशी पाण्याची पातळी चार मीटरहून जास्त बदलते, मालवण-गोव्याकडे दोनेक मीटर. ओहोटीला ४ मीटर खोल जागी सोडलेला २० मीटर दोर मुंबईच्या भरतीला पुरत नाही, आणि नांगर आपोआप निघाल्यासारखा वाटतो. ६ मिलिमीटरचा ४० मीटर नायलॉन घ्या. नायलॉन बुडतो आणि ताणला जातो. स्वस्त पॉलीप्रॉपिलीन पाण्यावर तरंगतो आणि जाणाऱ्या होडीच्या पंख्यात जातो.

खडकात अडकलेला नांगर सोडवायची सोय पाण्यात उतरण्याआधीच करायची. साखळी नांगराच्या वरच्या कडीला न बांधता खालच्या बुडाच्या भोकाला शॅकलने, म्हणजे खिळीच्या यू आकाराच्या कडीने, जोडा. मग ती दांड्याला लागून वर आणा आणि वरच्या कडीला एका पातळ केबल टायने बांधा. नेहमीच्या ओढीला टाय टिकतो. नखं कपारीत अडकली की उभं राहून दोर जोरात खेचायचा नाही; क्लीटमध्ये दोर धरून नांगराच्या पलीकडे वल्हवत जायचं. टाय तुटतो, ओढ बुडाकडून येते आणि नांगर उलटा निघतो. टाय जाड घेतला तर हा सगळा खटाटोप वाया. खिशात चार टाय जादा ठेवा.

दोराच्या शेवटी फुटबॉलएवढा फ्लोट बांधा. मोठा जिताडा लागला किंवा समोरून ट्रॉलर आला, तर दोर फ्लोटसकट सोडून द्यायचा आणि नंतर येऊन उचलायचा. हाताशी, जॅकेटलाच, सुरी हवी. धार चालण्याच्या वेगापेक्षा जास्त दिसली तर नांगर टाकूच नका. आणि डोलीच्या, म्हणजे धारेत बांधायच्या पिशवीसारख्या जाळ्याच्या, खुंटांच्या किंवा लावलेल्या जाळ्यांच्या जवळ कधीच नाही; जाळं फाटलं तर नुकसान दुसऱ्याच्या पोटाचं होतं.

बॅटरी आणि फिशफाइंडर

चार-पाच इंची पडद्याला साधारण अर्धा ॲम्पिअर लागतो. आठ तासांचे ४ ॲम्पिअर-अवर, त्यात निम्मी राखीव धरून ६. म्हणजे १२ व्होल्ट, ७ ॲम्पिअर-अवरची लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरी पुरते, वजन किलोभर. यूपीएसमधली तेवढ्याच क्षमतेची लेड-ॲसिड बॅटरी दुपटीहून जड असते, आणि ती निम्म्याखाली उतरवत राहिलं की लवकर मरते. लिथियमला तिचाच १४.६ व्होल्टचा चार्जर लावा.

बॅटरी आयपी ६७ दर्जाच्या, म्हणजे पाणी आत न शिरणाऱ्या, डब्यात, खुर्चीच्या पुढे ठेवा, म्हणजे मागच्या क्रेटचं वजन तोललं जातं. धन टोकापासून वीतभर अंतरात फ्यूज; किती ॲम्पिअरचा ते यंत्राच्या पुस्तिकेत असतं, अशा लहान पडद्यांना बहुधा ३. फ्यूज पडद्याच्या टोकाला लावला तर मधली वायर घासून शॉर्ट झाल्यावर तो काहीच वाचवत नाही. वायर कल्हई केलेल्या तांब्याची, दीड चौरस मिलिमीटर. साध्या तांब्यात खारं पाणी आवरणाखालून चढतं आणि फूटभर आतपर्यंत वायर काळी-हिरवी पडते. बाहेरून ठणठणीत दिसते, चालत नाही. जोड दाबून, त्यावर आतून गोंद असलेली हीट श्रिंक नळी.

डेकमधून वायर नेताना ग्लँड, म्हणजे वायरभोवती घट्ट बसणारं पाणीबंद बूच, लावा. अडचण अशी की वायर जाते, तिच्या टोकाचा प्लग जात नाही. विजेची वायर कापून पुन्हा जोडली तर चालतं. ट्रान्सड्यूसरची (पाण्यात ध्वनी सोडून त्याचा प्रतिध्वनी टिपणाऱ्या भागाची) केबल मात्र कापायची नाही, तिथे मधून उघडणारं ग्लँड घ्या. उरलेली केबल आठच्या आकड्यासारखी गुंडाळून विजेच्या वायरपासून लांब ठेवा, नाहीतर पडद्यावर उभ्या रेषांचा पाऊस पडतो.

ट्रान्सड्यूसर आतल्या बाजूला, तळावर बसवला तर खडकावर फुटत नाही. पण त्यातून बाजूचं चित्र मिळत नाही, आणि तापमान पाण्याचं न दाखवता प्लास्टिकचं दाखवतो. साधा सोनार असेल तर चालतं. तळाचा सपाट, एकपदरी भाग शोधा. एपॉक्सी वापरू नका, ते पॉलिथिलीनवरून टवका उडावा तसं सुटतं. जाड ईव्हीए फोमची चौकट कापून सीलंटने चिकटवा, तिच्यात ट्रान्सड्यूसर घट्ट बसवा आणि फेरीआधी दोन चमचे पाणी ओता. मध्ये हवा राहिली तर ध्वनी पुढे जात नाही. चिकटवण्याआधी चाचणी घ्या: पाण्याने भरलेल्या झिप पिशवीत ट्रान्सड्यूसर घालून ती तळावर ठेवा आणि पडद्यावरची खोली वजन बांधलेल्या दोरीने मोजून ताडा.

अपेक्षा मात्र माफक ठेवा. ध्वनीच्या २० अंशांच्या शंकूत तळावर दिसणारं वर्तुळ खोलीच्या एक-तृतीयांश असतं. ३ मीटर खाडीत फक्त मीटरभर. तिथे मासे शोधण्यापेक्षा तळ वाचायला शिका. जाड, ठळक पट्टा आणि त्याखाली दुप्पट खोलीवर दुसरा फिका पट्टा दिसला तर खडक. पातळ, विरलेला पट्टा म्हणजे गाळ. तांबोशी आणि गोबरा खडकाच्या कडेला मिळतात, ती जागा जीपीएसमध्ये साठवा. नांगरावर असताना माशांच्या एरवीच्या कमानी दिसायच्या नाहीत. खाली थांबलेला मासा लांब आडवी रेघ काढतो.

पहिली चाचणी

कंबरभर, संथ पाण्यात सगळं सामान लावून, सोबत कुणीतरी घेऊन कयाक मुद्दाम उलटवा आणि परत चढा. काय तरंगत गेलं, काय बुडालं, दोर पायात आला का, ते तेव्हाच कळतं. पडद्यासकट प्रत्येक वस्तूला दोरी हवी. नांगराच्या दोराला मात्र पिशवी हवी, पायाशी सुटी वेटोळी नकोत. शिट्टी जॅकेटला, फोन पाणीरोधक पिशवीत, आणि त्यात तटरक्षक दलाचा १५५४ हा नंबर. जून-जुलैत हे सगळं घरी राहू द्या.

फेरीनंतर गोड्या पाण्याने धुताना क्लीटचे दात आणि कप्प्यांच्या आतली वाळू काढा. झाकण उघडून आत हात फिरवा. चमचाभर पाणी आत साचलेल्या दमट हवेचं असतं, पेलाभर असेल तर कुठला तरी रिव्हेट गळतोय. बॅटरी काढून घरात न्या, उन्हात तापलेल्या कयाकच्या पोटात ठेवू नका. साखळी वेगळ्या बादलीत बुडवा, तिचा गंज फोमशीटवर उतरला की निघत नाही.