अरण्यातील विमानांच्या आवाजाची उपयोगी नोंद कशी करावी

अमेरिकेतील राष्ट्रीय उद्यानांवरून उडणाऱ्या विमानांविषयी लोक तक्रारी करतात, परंतु ‘फार आवाज होता, मनःस्ताप झाला’ एवढ्यावरच थांबणाऱ्या तक्रारीच्या आधारे कोणताही नियम बदलत नाही. आपल्या तक्रारीला वजन यावे असे ज्यांना वाटते, त्यांनी आवाज किती मोठा होता यापेक्षा तो किती वेळ ऐकू आला, आणि मध्ये सलग शांतता किती वेळ मिळाली, याची नोंद ठेवावी.

यामागे ग्रँड कॅन्यनचा इतिहास आहे. तेथे जून 1986 मध्ये पर्यटकांना फिरवणारे एक हेलिकॉप्टर आणि एक विमान यांची हवेत टक्कर होऊन 25 जण मृत्युमुखी पडले आणि 1987 साली अमेरिकेच्या संसदेने (काँग्रेसने) जो कायदा केला, त्यात सुरक्षिततेबरोबरच तेथील नैसर्गिक शांतता भरीव प्रमाणात परत आणण्याचे बंधनही घातले. राष्ट्रीय उद्यान सेवेने त्याचा अर्थ असा ठरवला, की उद्यानाच्या निम्म्या किंवा त्याहून अधिक क्षेत्रात दिवसाच्या 75 ते 100 टक्के वेळ विमान ऐकू येता कामा नये. कानाला ऐकू येणे हाच निकष मानला, हे मला फार योग्य वाटते. मात्र त्यात एक उणीव आहे. एका तासात बारा हेलिकॉप्टर समान अंतराने गेली आणि प्रत्येकाचा आवाज एक मिनिट टिकला, तर 80 टक्के वेळ शांततेचा ठरतो आणि निकष पूर्ण होतो. पण त्या तासात चार मिनिटांहून अधिक सलग शांतता एकदाही मिळत नाही. म्हणून एकूण टक्केवारीबरोबर सर्वांत दीर्घ शांत अंतर नोंदवणे अत्यंत आवश्यक आहे.

नोंदीसाठी वाहत्या पाण्यापासून दूर आणि वाऱ्याच्या आडोशाची जागा निवडावी, कारण ओढ्याच्या खळखळाटात दूरचे विमान बुडून जाते आणि नोंद खोटी पडते. जागेचे अक्षांश-रेखांश, हवामान आणि वाऱ्याचा जोर सुरुवातीलाच लिहून ठेवावा. मग एक तास स्थिर बसून फक्त ऐकावे. बोलू नये, चालू नये, आणि सळसळणारे कपडे घालू नयेत. विमान पहिल्यांदा ऐकू आल्याची आणि पूर्ण ऐकू येईनासे झाल्याची वेळ सेकंदांपर्यंत लिहावी. दोन विमाने एकाच वेळी ऐकू येत असतील, तर प्रत्येकाची नोंद वेगळी करावी, पण सामाईक वेळ बेरजेत एकदाच धरावी. पक्षी, वारा आणि माणसांचे आवाज यांचीही ओझरती नोंद असावी, म्हणजे ऐकणाऱ्याचे लक्ष जागेवर होते हे वाचणाऱ्याला कळते.

विमानाचा प्रकार ओळखणे महत्त्वाचे आहे, कारण प्रत्येक प्रकाराला लागू होणारे नियम निराळे आहेत. हेलिकॉप्टरच्या पात्यांचे ठोके दऱ्यांतून दूरवर ऐकू येतात, पंख्याच्या लहान विमानाचा सूर एकसारखा घुमत राहतो, आणि उंचावरच्या जेटचा आवाज पसरट गडगडाटासारखा असतो. जेट शोधताना आवाज येतो त्या दिशेला न पाहता त्याच्या पुढे पाहावे: सुमारे 10 किलोमीटर उंचीवरून आवाज खाली पोहोचायला अर्धा मिनिट लागतो आणि तेवढ्या वेळात जेट कित्येक किलोमीटर पुढे गेलेले असते. विमान कमी उंचीवरून जात असेल आणि त्यावरचा ‘एन’ने सुरू होणारा नोंदणी क्रमांक वाचता आला, तर तो लिहावा. उंचीचा अंदाज डोळ्यांनी करणे फसवे असते. जवळच्या कड्याच्या वर होते की खाली, एवढेच सांगितलेले अधिक विश्वासार्ह ठरते.

मोबाइलमधील डेसिबल दाखवणाऱ्या ॲपवर विसंबू नये. शांत अरण्यात पार्श्वभूमीचा आवाज 20 डेसिबल किंवा त्याहूनही खाली असू शकतो, आणि तेथे फोनचा मायक्रोफोन स्वतःचाच आवाज मोजत बसतो. डेसिबलविषयी मात्र एक गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे: पार्श्वभूमीचा आवाज केवळ 3 डेसिबलने वाढला, तरी एखाद्या प्राण्याला जेवढ्या क्षेत्रातले आवाज ऐकू येतात, ते क्षेत्र जवळपास निम्मे होते. गवतातल्या उंदराच्या हालचालीवर कान लावून बसलेल्या घुबडासाठी हा फरक उपाशी राहण्याइतका मोठा आहे.

केवळ त्रासाच्या दिवशीच नोंद केली, तर ती पक्षपाती ठरते. वेगवेगळ्या वेळी, सुट्टीच्या आणि कामाच्या अशा दोन्ही दिवशी बसावे, आणि एकही विमान ऐकू न आलेला तास असेल, तर तोही तितक्याच काळजीने पाठवावा. पुढे आवाज वाढला, तर तुलनेसाठी हाच तास कामी येतो.

नोंद कोणाकडे पाठवायची, हे विमानाच्या प्रकारावर ठरते. जमीन उद्यान सेवेच्या ताब्यात असली, तरी आकाश संघीय विमान वाहतूक प्रशासनाच्या ताब्यात आहे. 2000 सालच्या कायद्यानुसार उद्यानावर किंवा त्याच्या हद्दीपासून अर्ध्या मैलाच्या आत, जमिनीपासून 5,000 फुटांखाली होणाऱ्या व्यावसायिक पर्यटन-उड्डाणांसाठी या दोन्ही संस्थांनी मिळून व्यवस्थापन आराखडे करायचे असतात, आणि आराखड्याच्या मसुद्यावर लोकांच्या सूचना मागवल्या जातात. नोंद पाठवण्याची सर्वांत मोलाची वेळ तीच. ग्रँड कॅन्यन आणि अलास्का यांना मात्र ही तरतूद लागू नाही. खासगी वैमानिकांना अशा क्षेत्रांवर 2,000 फूट उंची राखण्याची केवळ विनंती आहे, सक्ती नाही. लष्करी विमानांसाठी संबंधित तळाकडेच लिहावे लागते. सक्तीचे निर्बंध अशक्य आहेत असे कोणी म्हटले, तर डिसेंबर 1949 मधील आदेशाचा दाखला द्यावा: राष्ट्राध्यक्ष ट्रुमन यांनी मिनेसोटातील सुपीरियर राष्ट्रीय वनाच्या रस्तेविरहित भागावर समुद्रसपाटीपासून 4,000 फुटांखाली उड्डाणे बंद केली होती.

पत्राच्या आरंभी जागा, तारखा, एकूण ऐकलेला वेळ, त्यातील विमानांचा वेळ आणि सर्वांत दीर्घ शांत अंतर द्यावे. भावना नंतर, थोडक्यात. मागणी नेमकी असावी: सूर्योदयानंतरचे काही तास उड्डाणे नकोत, आठवड्यातील अमुक दिवस मोकळा ठेवावा, किंवा वार्षिक उड्डाणांची संख्या घटवावी. मार्ग बदलण्याची मागणी करण्यापूर्वी मात्र नवा मार्ग कोणत्या दरीवरून जाईल ते नकाशावर पाहावे, आणि शक्य असल्यास तेथेही एक तास बसून यावे.