पाऊस आणि सोलापूर यांची तुलना करू नका

बँकेच्या किंवा एसएससीच्या (स्टाफ सिलेक्शन कमिशनच्या) परीक्षेत इंग्रजी वाक्यातली चूक शोधा असा प्रश्न आला आणि वाक्यात 'दॅन' (म्हणजे 'पेक्षा') दिसलं, की तिथेच थांबायचं. हे वाक्य बघा: 'द रेनफॉल इन आंबोली इज हेविअर दॅन सोलापूर.' कानाला ठीक वाटतं, पण इथे पावसाची तुलना चक्क एका शहराशी झाली! बरोबर वाक्य: 'दॅन दॅट इन सोलापूर.'

आपल्याला मराठीचाच आधार घेता येतो. आपण 'देवगडचा हापूस कर्नाटकपेक्षा गोड' म्हणत नाही, 'कर्नाटकच्यापेक्षा' म्हणतो. हा 'च्या' मनात आला, की इंग्रजीत बहुधा 'दॅट ऑफ/इन' किंवा 'दोज ऑफ/इन' हवं. पाऊस एकवचनी, म्हणून 'दॅट'. 'मँगोज' अनेकवचनी, म्हणून 'दोज'. पर्यायांत हे दोन्ही ठेवून हमखास फसवतात.

क्रियापदांचंही तसंच. 'टू रो इज हार्डर दॅन स्विमिंग' चुकीचं. दोन्हीकडे 'रोइंग' आणि 'स्विमिंग' करा. एवढं पुरे.

मजा पुढे आहे. 'आय लाइक सुरमई मोर दॅन माय ब्रदर.' म्हणजे भावापेक्षा सुरमई प्यारी? (आमच्याकडे शुक्रवारी दुपारी ते खरंही असतं.) भावाला सुरमई कमी आवडते असं म्हणायचं असेल, तर शेवटी 'डज' जोडा.

सरावाला 'दॅन'च्या दोन्ही बाजूंना पेन्सिलने रेघ मारा आणि नेमकं कशाला कशाशी तोललंय ते मराठीत पुटपुटा.