अण्णांच्या ट्रंकेतली तयारी

खाटेखालची लोखंडी ट्रंक पाऊस सरल्यावर, म्हणजे ऑक्टोबरात बाहेर ओढा. भांडुपच्या आमच्या खोलीत जून ते सप्टेंबर कागद एकमेकांना चिकटून बसतात, तेव्हा काढले तर फाटतातच. अण्णा, म्हणजे माझे वडील, फौजेतून निवृत्त झालेले. झाकणावर पांढऱ्या रंगात त्यांचा सर्व्हिस नंबर अजून आहे, आणि तो ते झोपेतही म्हणून दाखवतील. पीपीओचा, म्हणजे पेन्शन मंजुरीच्या आदेशाचा नंबर विचारा, लगेच "आईला विचार" म्हणतात. म्हणून पहिलं काम म्हणजे पीपीओ, डिस्चार्ज बुक (फौजेतून सुटताना मिळालेलं नोंदींचं पुस्तक), बँकेचं पासबुक, दोघांची आधार आणि पॅन कार्डं एका फाइलमध्ये, आणि प्रत्येकाच्या तीन-तीन झेरॉक्स. डिस्चार्ज बुक लॅमिनेट मात्र करू नका. जुनी शाई आणि शिक्के प्लॅस्टिकखाली कायमचे बिघडले तर काय करणार?

आता खरं काम. डिस्चार्ज बुकातलं बायकोचं नाव आणि आधारवरचं नाव शेजारी ठेवून अक्षर न् अक्षर वाचा. आमच्याकडे बुकात आई 'हौसाबाई', आधारवर 'सुनंदा'. लग्नात तांदळाच्या ताटात अंगठीने अण्णांनी लिहिलेलं नाव घरात रुळलं, पण पलटणीत कळवायचं राहून गेलं. साताऱ्याकडच्या अर्ध्या घरांत हेच असणार. अण्णा असताना ही गोष्ट कुणाच्या नजरेलाही येत नाही. ते गेल्यावर फॅमिली पेन्शन मागायला हौसाबाई जाणार की सुनंदा, हा प्रश्न आईला एकटीने सोडवावा लागला असता. आम्ही प्रतिज्ञापत्र केलं, राजपत्रात नाव छापून घेतलं आणि अण्णांच्या सहीने बेळगावला मराठा लाइट इन्फंट्रीच्या रेकॉर्ड ऑफिसकडे अर्ज पाठवला. सात महिने गेले. मधे एकदा तर सगळी फाइल परत आली, का तर एका झेरॉक्सवर सही नव्हती.

त्याच अर्जात आईची जन्मतारीखही नोंदवून घेतली. वयाच्या 80व्या वर्षी मूळ पेन्शनमध्ये 20 टक्के भर पडते, 85ला 30, 90ला 40, 95ला 50 आणि शंभरी गाठली की शंभर टक्के. हे फॅमिली पेन्शनलाही लागू आहे. पण रेकॉर्डमध्ये बायकोची तारीखच नसेल तर ती 80 वर्षांची झाली हे कळणार कुणाला? अण्णांची तारीख 1 जून. मास्तरांनी अख्ख्या वर्गाचीच 1 जून लावली होती, तिला आता कोण हात लावतो! आधारवर तीच आहे ना, एवढं बघून ठेवा.

हयातीचा दाखला नोव्हेंबरात. ऐंशी ओलांडलेल्यांना 1 ऑक्टोबरपासूनच देता येतो. फौजेची पेन्शन आता 'स्पर्श' या ऑनलाइन प्रणालीवर आहे, तेव्हा तिथला लॉगिन आणि मोबाइल नंबर चालू आहे का ते आधीच तपासा. बदललेलं सिम हीच नेहमीची रड असते. अण्णांच्या बोटांचे ठसे मशीनला लागत नाहीत. आयुष्यभर कुदळ आणि रायफल, रेषा उरल्यात कुठे? गेल्या वर्षी मोबाइलवर चेहरा दाखवून काम झालं. खिडकीकडे पाठ करून बसवू नका, चेहरा काळा येतो. नाहीच जमलं तर पोस्टमन घरी येऊनही करून देतो.

आजारपणासाठी ईसीएचएस, म्हणजे माजी सैनिकांची आरोग्य योजना. दोघांची कार्डं वेगवेगळी हवीत आणि ती ट्रंकेत नाही, पाकिटात. आधी योजनेचा दवाखाना, म्हणजे पॉलिक्लिनिक, तिथून रेफरल आणि मग यादीतलं खासगी रुग्णालय किंवा कुलाब्याचं नौदलाचं अश्विनी. जीवावरच बेतलं तर रेफरलची वाट बघू नका, जवळ असेल तिथे भरती करा. ते रुग्णालय यादीतलं नसेल तर 48 तासांत पॉलिक्लिनिकला कळवा, म्हणजे बिलाचा दावा उभा राहतो. घराजवळच्या यादीतल्या दोन रुग्णालयांची नावं फ्रिजवर चिकटवा. आमची आहेत, भाजीच्या हिशोबाच्या वर.

फौजी कॅन्टीनच्या कार्डाबद्दल काही सांगायची गरज नाही, त्याची मुदत अण्णा स्वतः पाळतात.

शेजारच्या काकांना पेन्शनच नाही, नोकरी पंधरा वर्षं भरली नव्हती. अशा हवालदारापर्यंतच्या, 65 वर्षांवरच्या माजी सैनिकांना आणि त्यांच्या विधवांना उत्पन्न नसेल तर केंद्रीय सैनिक बोर्ड दरमहा मदत देतं. ती 4,000 होती. 1 नोव्हेंबर 2025पासूनच्या अर्जांना 8,000 झाली. अर्ज जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयातून जातो. शहर आणि उपनगर यांची कार्यालयं वेगळी आहेत, त्यामुळे रेशनकार्डावरचा पत्ता बघूनच निघा. लाजून गप्प बसणारी माणसं या वयात फार असतात. काकांचा फॉर्म शेवटी मीच भरला.

पेन्शनचं खातं आईसोबत जोडखातं करून ठेवा.

पॉलिक्लिनिकला निघताना पिशवीत पाणी, चष्मा, महिन्याच्या गोळ्यांची जुनी चिठ्ठी आणि बिस्किटं. पलटणीतलं कुणी भेटलं की अण्णा तीन तास हलत नाहीत. मागच्या खेपेला त्यांना तसंच बाकावर बसू दिलं आणि कार्ड आईच्या हातात देऊन तिला खिडकीवर पाठवलं. आतल्या बाईंनी नाव विचारलं. आई क्षणभर थांबली, मागे वळून माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाली, "सुनंदा. आता तेच आहे."