क्वार्ट्झसाइटचा हिवाळा: आरव्हीची तयारी सांडपाण्यापासून सुरू करा

अ‍ॅरिझोनातल्या क्वार्ट्झसाइटला आरव्हीत, म्हणजे राहत्या घरासारख्या गाडीत, हिवाळा काढायचं ठरलं की यादी सुरू होते ती खुर्च्या, शेगडी, सौर पॅनल अशी, म्हणजे बरोबर काय न्यायचं याची. माझं मत असं की यादी उलट्या टोकाने धरावी. गाडीतून रोज काय बाहेर पडणार आणि ते कुठे साठणार, हे आधी लिहा. वाळवंटात एका जागी किती दिवस टिकाल हे किराण्यावर ठरत नाही. गाडीखालची जी टाकी सगळ्यात आधी भरते तिच्यावर ठरतं. ज्या घरात रोज वरण-भात, भाजी, पोळी होते तिथे ती बहुधा ग्रे टँक असते, म्हणजे सिंक आणि न्हाणीचं पाणी साठवणारी.

त्यामुळे पहिलं काम खरेदीचं नाही, मोजमापाचं. फ्रेश (स्वच्छ पाण्याची), ग्रे आणि ब्लॅक (संडासाची) या तिन्ही टाक्या किती गॅलनच्या आहेत ते कागदपत्रांतून काढा. मग निघण्याच्या महिनाभर आधी तीन दिवस आरव्ही स्वतःच्या ड्राइव्हवेत उभी करा, पाण्याचा पाइप आणि विजेची वायर काढा आणि आतच राहा. घरात अंघोळीला जायचं नाही, फोन चार्ज करायलाही नाही. या रंगीत तालमीत जे आकडे मिळतात ते कुठल्याही माहितीपत्रकात मिळत नाहीत. ग्रे टँक किती भरली, बॅटरी पहाटे किती उरली, हीटर रात्रीतून किती वेळा लागला, हे एका वहीत लिहून ठेवा. पुढची यादी त्या वहीतूनच निघते.

ग्रे टँकचं आयुष्य वाढवायचे उपाय सगळे स्वयंपाकघरात आहेत. कुकरमध्ये डबे एकावर एक रचून वरण, भात आणि बटाटे एकदम काढले की गॅसही वाचतो आणि भांडीही. ताटं-वाट्या विसळण्याआधी कागदाने पुसून घ्यायच्या. तेल, हळद आणि आमटीचा साका टाकीत गेला तर वास येतो, शिवाय पातळी दाखवणारे सेन्सर थर बसून खोटं बोलायला लागतात. सिंकला बारीक जाळी हवीच, चहाचा चोथा आणि मोहरी त्यातच अडकते. डाळ-तांदूळ धुतलेलं पहिलं पाणी एका पातेल्यात धरून खरकटी भांडी भिजवायला वापरावं. फवारणीची साधी बाटली घेतली तर साबण लावलेली भांडी अगदी थोड्या पाण्यात निघतात. अंघोळीला बादली आणि तांब्या. शॉवरखाली पाणी कोमट होईपर्यंतच दोन-तीन लिटर वाहून जातं. मराठवाड्यात टँकरची वाट बघत वाढलेल्या माणसाला यातलं काहीच शिकवावं लागत नाही, पण अमेरिकेत तीस वर्षं काढली की हात सैल होतो.

ब्लॅक टँकचं गणित वेगळं. शौचाला पाणी वापरणाऱ्या घरात ती लवकर भरते, हे खरं. पण पाणी कमी आणि कागद जास्त असला तर टाकीत संडासाच्या नळीच्या तोंडाखाली ढीग साचतो आणि तो काढणं हे महाकर्म. म्हणून इथे काटकसर करू नका, तांब्या चालू द्या. ब्लॅक टँक भरली तर गावात पंपाची गाडी बोलावता येते, ती जागेवर येऊन उपसून नेते. सांडपाण्याची चाकांची छोटी टाकी विकत मिळते. तीत भरून डंप स्टेशनपर्यंत, म्हणजे सांडपाणी ओतायच्या ठरलेल्या जागेपर्यंत, नेलं की आख्खी आरव्ही हलवावी लागत नाही. ग्रे पाणी जमिनीवर सोडून द्यायचा मोह अनेकांना होतो. तसं करू नका. त्या मातीत ते महिनोन्‌महिने दिसत आणि वास मारत राहतं.

पिण्याचं पाणी आणायला सहा-सात गॅलनचे कॅन घ्या. त्याहून मोठा भरलेला कॅन साठी ओलांडलेल्या कमरेने उचलू नये, एका गॅलनचं वजन पावणेचार किलो भरतं. पाण्यासाठी वेगळा पाइप, सांडपाण्यासाठी वेगळा आणि दोन्ही वेगळ्या डब्यांत, यावर चर्चा नको.

आता जागा. आय-टेन आणि यूएस-९५ हे महामार्ग एकमेकांना छेदतात तिथे हे गाव आहे. फिनिक्सपासून साधारण सव्वाशे मैल पश्चिमेला, कोलोरॅडो नदीच्या वीसेक मैल अलीकडे. २०२० च्या जनगणनेत वस्ती अडीच हजारही भरली नाही. थंडीत मात्र मिनेसोटापासून कॅनडापर्यंतच्या गाड्या भोवतालच्या माळावर पसरतात. ही जमीन बीएलएमची, म्हणजे केंद्र सरकारच्या जमीन व्यवस्थापन खात्याची. प्लोमोसा रोड, डोम रॉक, हाय जॉली अशा ठिकाणी फुकट राहता येतं, पण २८ दिवसांत १४ दिवसच. मग किमान २५ मैल लांब हलायचं. आख्खा हंगाम काढायचा असेल तर ला पोसा हे दीर्घ मुक्कामाचं क्षेत्र बरं: ११,४०० एकर, १५ सप्टेंबर ते १५ एप्रिल. हंगामाचा पास बरीच वर्षं १८० डॉलरला आणि सलग १४ दिवसांचा ४० डॉलरला मिळत आला आहे. निघताना चालू दर बघून घ्या. पासधारकांना पाणी, डंप स्टेशन आणि कचऱ्याची सोय ला पोसा साउथमध्ये आहे. आमच्यासारख्या रोज स्वयंपाक करणाऱ्यांनी फुकटच्या मागे न लागता पासच काढावा. दर चौदा दिवसांनी संसार गुंडाळून पंचवीस मैल जाण्यात जे डिझेल आणि मनःस्वास्थ्य खर्च होतं, त्याचा हिशेब कोणी धरत नाही. हाच पास दक्षिणेकडच्या यूमा शहराजवळच्या इम्पीरियल डॅम क्षेत्रातही चालतो.

जागा निवडताना कोरड्या ओढ्याच्या पात्रात गाडी लावू नका, कितीही सपाट आणि सावलीची वाटली तरी. पाऊस डोंगरावर पडतो आणि लोंढा इथे येतो. चाकांखाली घालून गाडी समतल करायचे लेव्हलिंगचे ठोकळे घ्या. आरव्हीची मोठ्या खिडक्यांची बाजू दक्षिणेला ठेवली तर दुपारचं ऊन आत येऊन संध्याकाळपर्यंत ऊब राहते.

विजेच्या बाबतीत लोक उन्हाळ्याच्या आकड्यांवर भाळतात. २१ डिसेंबरच्या आसपास भर दुपारीही इथला सूर्य क्षितिजापासून ३३ अंशच वर असतो. छतावर सपाट पडलेलं ४०० वॅटचं पॅनल अशा दिवसांत जेमतेम एक युनिट देतं. तेच पॅनल दक्षिणेकडे कलतं उभं केलं तर बरंच जास्त. म्हणून छतावरची पॅनल्स उचलता येणारे आधार लावा, नाहीतर जमिनीवर ठेवायचं घडीचं पॅनल घ्या. एका युनिटात काय भागतं? दिवे, पंप, दोन फोन, एक लॅपटॉप आणि हीटरचा पंखा. त्यात स्टारलिंक, म्हणजे उपग्रहावरचं इंटरनेट, घातलं तर ते एकटंच दिवसभरात एक युनिट किंवा जास्त खाऊ शकतं. मग ते मुलांशी बोलण्यापुरतं लावायचं आणि बंद करायचं, किंवा पॅनल वाढवायची. मोबाइलच्या भरवशावर राहाल तर जानेवारीत टॉवरवर इतकी गर्दी असते की चार दांड्या दिसूनही साधा फोटो जात नाही. लिथियमची १०० अँपिअर-तासांची बॅटरी सव्वा युनिट धरते आणि जवळपास सगळं देते. जुन्या लेड-अ‍ॅसिडकडून निम्मंच काढावं. लिथियम बॅटरी शून्य अंशाखाली चार्ज करायची नसते. मिशिगनहून डिसेंबरात निघणाऱ्यांनी हे वाटेतच लक्षात ठेवायचं.

भारतातून आणलेला मिक्सर २३० व्होल्टचा, तो इथे नुसता शोभेचा. ११० व्होल्टचा असेल तर दुपारी ऊन असताना, इन्व्हर्टरची ताकद बघून चालवा. ओलं वाटण घरूनच करून गोठवून न्यावं, हे सगळ्यात सोपं. दाण्याचं कूट, गोडा मसाला, भाजणी घट्ट झाकणाच्या डब्यांत भरा, कारण उंदरांचा विषय पुढे येणार आहे.

रात्री थंडी पडते. डिसेंबर-जानेवारीत दिवसा वीस अंश आणि पहाटे चार-पाच, कधी शून्याच्या खाली. गाडीतली गॅसची भट्टी ३०,००० बीटीयूची (तासाला मिळणाऱ्या उष्णतेचं माप) असेल तर वीस पौंडांचा सिलिंडर सलग चालवून चौदा-पंधरा तासांत संपतो. सलग चालत नाही हे खरं, पण तिचा पंखा सात-आठ अँपिअर ओढतो, आणि पहाटे आधी मान टाकते ती बॅटरी, गॅस नव्हे. छोटा कॅटॅलिटिक हीटर, म्हणजे ज्वाळेशिवाय गॅस जाळणारा, विजेशिवाय चालतो. तो लावताना खिडकी बोटभर उघडी आणि झोपताना हीटर बंद. कार्बन मोनॉक्साइड आणि गॅसगळतीच्या अलार्मना स्वतःची मुदत असते, तारीख मागच्या बाजूला छापलेली असते. निघण्याआधी तेवढं बघा. सोलापुरी चादर आणि गोधडी घ्या, त्यांना वीज लागत नाही. फोडणी गाडीबाहेरच्या शेगडीवर द्यावी. आत दिली की धुराचा अलार्म बोंबलतो आणि मग कोणीतरी वैतागून त्याची बॅटरी काढून ठेवतं, ते जास्त धोक्याचं. मात्र वारा सुटला की बाहेरचा स्वयंपाक आणि ऑनिंग (गाडीच्या बाजूला पसरायचं कापडी छत) दोन्ही लगेच आवरायचं. इथला वारा सांगून येत नाही आणि ऑनिंगच्या दुरुस्तीचं बिल लक्षात राहण्यासारखं असतं.

टायरांकडे झिजेवरून बघू नका, वयावरून बघा. बाजूला डीओटी असं लिहिलेल्या कोडचे शेवटचे चार आकडे आठवडा आणि वर्ष सांगतात. ३२१९ म्हणजे २०१९ चा बत्तिसावा आठवडा. सगळं सामान आणि पाणी भरून ट्रक थांब्यावरच्या काट्यावर गाडीचं वजन करा. वीस पौंडी कणकेच्या पिशव्या आणि स्टीलची भांडी मिळून किती होतात हे तिथे कळतं.

कागद. नागरिक नसाल तर ग्रीन कार्ड किंवा पासपोर्ट-व्हिसा मूळ प्रतीत जवळ हवा. यूमाहून उत्तरेला येताना यूएस-९५ वर बॉर्डर पेट्रोलची चौकी लागते. दात करून घ्यायला लॉस अल्गोडोनेस या मेक्सिकोतल्या गावी जाणारे पुष्कळ असतात, तिथून परतताना तर हे कागद लागणारच. भारतातून आई-वडील येणार असतील तर त्यांच्या व्हिसावर मेक्सिकोत जाऊन परत येता येतं का, हे घरी असतानाच तपासा.

औषधं तीन महिन्यांची एकदम घ्या. विमा तुमच्या राज्याबाहेर काय भरतो ते आधी फोन करून विचारा. अ‍ॅरिझोनातलं जवळचं रुग्णालय उत्तरेला पार्करला, सुमारे ३५ मैलांवर. मोठ्या खरेदीला कॅलिफोर्नियातलं ब्लाइथ जवळ पडतं, पण हिवाळ्यात तिथलं घड्याळ एक तास मागे असतं आणि पेट्रोल महाग. पेट्रोलची टाकी अ‍ॅरिझोनातच भरा. भारतीय किराणा म्हणजे फिनिक्सच्या बाजूला, जाऊन-येऊन दिवस मोडतो. आणि कुंडीतला कढीपत्ता घरी शेजाऱ्यांकडे ठेवा. लिंबूवर्गीय झाडांवर रोग पसरवणारी कीड त्यावर पोसली जाते, म्हणून रोप राज्यांच्या सीमा ओलांडून नेण्यावर निर्बंध आहेत. ब्लाइथजवळ कॅलिफोर्नियाचं कृषी तपासणी नाकं आहेच. पानं घरी सावलीत वाळवून आणलीत तरी आमटीपुरतं भागतं, पण तीही नाक्याच्या अलीकडेच संपवा.

चिल्लर गोष्टींत दोनच महत्त्वाच्या. एक फणी, मोठ्या दातांची. चोया निवडुंगाचा गोळा पायाला चिकटला तर हाताने ओढू नका, फणी घालून उडवा. राहिलेले काटे पकडीने. दुसरं, पॅकरॅट. हा उंदीर रात्री इंजिनात शिरून वायरी कुरतडतो. रात्री बॉनेट उघडं ठेवणं आणि खाली छोटा दिवा लावणं हा तिथल्या जुन्याजाणत्यांचा उपाय. आम्हीही तेच करतो.

जानेवारीत आरव्हीचा मोठा मेळा आणि रत्नं-दगडांचे बाजार भरतात. तेव्हा गॅस, डंप, पोस्ट, सगळीकडे रांग. टाक्या मेळ्याच्या आधल्या आठवड्यात रिकाम्या करून घ्या आणि गॅस भरून ठेवा. रांगेत मन रमत नसेल तर गावच्या स्मशानभूमीत हाय जॉलीचा दगडी पिरॅमिड बघून या, वर उंट आहे. हा हाजी अली, १८५६ मध्ये अमेरिकन सैन्याच्या उंटांबरोबर आलेला आणि १९०२ मध्ये इथेच वारलेला. संक्रांत याच दिवसांत येते. तिळगूळ जरा जास्तच न्या, शेजारच्या गाड्यांतले लोक मागून खातात.

एक गोष्ट यादीत शेवटी लिहितो, पण घरी परतल्यावर तीच कामाला येते. अ‍ॅरिझोनाच्या मातीत व्हॅली फीव्हरची बुरशी असते आणि ती धुळीतून श्वासात जाते. धुळीचं वादळ आलं की आत जाऊन खिडक्या लावा, झाडलोट करताना चांगला मास्क वापरा. लक्षणं दिसायला एक ते तीन आठवडे लागतात: ताप, खोकला, न जाणारा थकवा. तोवर तुम्ही न्यू जर्सीत किंवा शिकागोत पोचलेले असता आणि तिथल्या डॉक्टरांच्या डोक्यात हे सहसा येत नाही. तेव्हा अ‍ॅरिझोनात राहून आलो, हे त्यांना न विचारता सांगा.