गरीला जिवंत बोय: मिळवायची कुठे आणि टिकवायची कशी

खाडीच्या तोंडाशी गरवायला बसलेल्या लोकांच्या बादल्या एकदा डोकावून बघा. नऊ वाजता पागात (हाताने टाकायच्या गोल जाळ्यात) आलेल्या बोयी, म्हणजे खाडीतले मुलेट मासे, अकरापर्यंत पोट वर करून तरंगत असतात आणि मालक म्हणतो, "आज मासा घेत नाही." मासा कसा घेणार? जिवंत आमिष म्हणून जे पाण्यात सोडलंय, ते अर्धमेलं आहे. पाग कसा मारायचा हे शिकवायला दहाजण पुढे येतात. पागातली बोय बादलीत आणि बादलीतली बोय गरीवर तडफदार कशी पोचवायची, हे मात्र कोणी धड सांगत नाही. माझी पहिली दोन वर्षं त्यातच गेली, म्हणून हा लेख.

मी बोलतोय ते मालवणजवळच्या कर्लीच्या खाडीबद्दल, देवबागच्या अंगाला, आणि तांबोशी, गोबरा, पालू या माशांसाठी. गोव्यात ज्याला चोणक म्हणतात आणि रायगडात जिताडा, त्यालाही हेच आमिष चालतं. आमिष म्हणजे बोटाएवढी बोय, ३ ते ४ इंचांची. तिच्यापेक्षा सोपं जिवंत आमिष नाही, कारण ती चिवट असते आणि गोडं-खारं दोन्ही पाणी सोसते. पेडवे आणि तारली मोठ्या माशाला प्रिय असतील, पण त्यांचे खवले नुसत्या स्पर्शाने गळतात. नवख्याने त्यांच्या मागे लागू नये.

वेळ

मोबाइलवर भरती-ओहोटीचं वेळापत्रक मिळतं, ते बघाच. पण तिथीची पाऊणपट करायचा जुना हिशेबही डोक्यात असू द्या: चतुर्थीला भरती तीनच्या सुमारास, अष्टमीला सहाच्या. हा हिशेब मुंबईच्या बाजूला चांगला जमतो. मालवण-वेंगुर्ल्याकडे भरती त्याच्या पाऊण-एक तास आधी लागते, आणि खाडीत जितकं आत जाल तितकी ती मागे पडते. ओहोटी साधारण सहा तास अलीकडे धरा.

तुम्हाला हवे आहेत ते ओहोटी संपून पाणी परत फिरल्यानंतरचे पहिले दोन तास. नवं पाणी चिखलावर चढायला लागलं की बोयींचे थवे त्याच्याबरोबर कडेकडेने वर सरकतात, घोट्याएवढ्या पाण्यातसुद्धा. मला चतुर्थी-पंचमी आवडते. ओहोटी सकाळी आठ-नऊला संपते, आमिष मिळवून झालं की पुढची सगळी भरती गरवायला मिळते. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला ओढ जास्त आणि पाणी गढूळ. भांगाच्या दिवसांत, म्हणजे अष्टमीच्या आसपास भरती कमी चढते तेव्हा, पाणी पसरतच नाही, मग थवे खोल पात्रातच राहतात.

थवा दिसायला हवा

दिसेल तिथे पाग मारत सुटणारा माणूस तासाभरात दमतो आणि सगळी कड उठवून ठेवतो. आधी दहा मिनिटं नुसते उभे राहा. वारा नसताना गुळगुळीत पाण्यावर सुपाएवढ्या जागेत बारीक शहारा उठतो आणि तो शहारा हळूहळू पुढे सरकतो, तो थवा. दुसरी खूण याहून खात्रीची: बोयी चिखलावरचं शेवाळ चरताना कुशीवर कलतात, तेव्हा पोटाकडची पांढरी चमक क्षणभर दिसते आणि विझते. एक चमकली की त्याच जागी नजर ठेवा, लगेच दोन-तीन चमकतात. पोलराइज्ड चष्मा असेल तर फार मदत होते. एकट्याने उंच उडी मारणारी मोठी बोय मात्र काहीच सांगत नाही, तिच्या मागे धावू नका.

ढोकरी (लहान बगळा) मान आखडून कडेला उभी असेल तर ती जागा सोडू नका. तिवरांतून खाडीत उतरणाऱ्या लहान ओहोळांची तोंडंही बघा. थेट तिवरांच्या आत मात्र पाग टाकायचा नाही. चिखलातून वर आलेल्या त्या टोकदार मुळांवर पाग एकदा बसला की फाटल्याशिवाय सुटत नाही. आणि तो सोडवायला मुळं तोडणारे मी पाहिलेत. कांदळवन तोडणं गुन्हा आहे, आणि याच मुळांत बोयींची पिल्लं वाढतात. ओहोळात ब्लीचिंग पावडर टाकून मासे वर काढणाऱ्यांबद्दल तर काय बोलावं! त्या पाण्यात पुढे कित्येक दिवस खरब्यासारखा बारका मासासुद्धा दिसत नाही.

पाग

शब्दांत शिकवता येत नाही, गवतावर शिका. लांबी सहा फूट पुरे. आस, म्हणजे जाळ्याचा डोळा, असा हवा की करंगळीचं टोक जेमतेम शिरेल. आस मोठा असला की बोयींचे कल्ले अडकतात आणि त्या तिथेच संपतात. पागाच्या कडेचं शिसं दातात धरायची जुनी सवय आहे, ती लावून घेऊ नका. बटणांचा शर्ट घालू नका. आणि सगळं अंग झोकून भिरकावू नका. मी तेच करायचो, पाग केळीसारखा लांबट पडायचा. आमचे थोरले काका काठावरून एवढंच म्हणायचे, "फेकू नको रे, सोड तेका." कंबर वळवायची आणि वजन आपसूक निघून जाऊ द्यायचं. थव्याच्या डोक्यावर नाही, तो जिकडे चाललाय तिकडे हातभर पुढे.

पाण्यात पाय उचलून टाकू नका, घासत चला. चिखलात वागळी (चपटा पाकट मासा) बसलेली असते आणि तिच्या शेपटीचा काटा विषारी असतो. पागात शिंगाळा माशाची पिल्लं येतात, त्यांचे काटेही तसेच. लागलाच काटा तर सोसेल इतक्या गरम पाण्यात तो भाग बुडवून ठेवा आणि डॉक्टरकडे जा. कालवांच्या खडकावर अनवाणी जाऊ नका. वाशिष्ठी किंवा सावित्रीच्या वरच्या अंगाला असाल तर पाण्यात उतरूच नका, तिथे मगरी आहेत.

इथून पुढे खरं काम

पाग भरला की लोक काय करतात? ओढत वाळूवर आणतात, झटकतात, आणि उड्या मारणाऱ्या बोयी मुठीत धरून बादलीत टाकतात. इथेच खेळ संपतो. माशाच्या अंगावर जो बुळबुळीत थर असतो तो त्याचं चिलखत आहे. कोरडा हात आणि वाळू तो थर खवल्यांसकट पुसून काढतात. ती बोय पुढे दहा मिनिटं छान पोहते, म्हणून कोणाला संशय येत नाही. मग ती कडेला लागते.

पाग पाण्याबाहेर पूर्ण काढायचाच नाही. गुडघाभर पाण्यात बादली अर्धी बुडवून तिरपी धरा, पागाचा घोळ तिच्या तोंडावर आणा आणि शिशाची कड उचला. बोयी स्वतःच घसरत आत जातात. हात लावायचाच असेल तर ओला करून, ओंजळीत पाण्यासकट. ज्या बोयीचे खवले गेलेत, ती बादलीत घेऊच नका. तिला वेगळी ठेवा, कापून आमिष होईल.

आता संख्या. पहिल्या वर्षी मी रंगाच्या रिकाम्या बादलीत चाळीसेक बोयी भरल्या होत्या. एका पागात एवढ्या आल्या, सोडवेना. अर्ध्या तासात सगळ्या तोंडं वर करून पृष्ठभागावर पाणी चाटल्यासारखं करायला लागल्या. मी घाबरून जेटीवरच्या नळाचं पाणी आणून ओतलं. पाच मिनिटांत एकही उरली नाही. नळाच्या पाण्यात क्लोरीन असतं आणि मीठ नसतं, दोन्हींचा घाव एकदम बसला. चाळीस जीव काही कारण नसताना गेले, हे अजून बोचतं. तेव्हापासून माझा हिशेब पक्का आहे: २० लिटरच्या बादलीत ८, फार तर १०. दिवसभर गरवायला एवढ्या पुरतात. बाकीच्या तिथल्या तिथे सोडा.

का मरतात हे समजून घेतलं तर उपाय पाठ करावे लागत नाहीत. पाणी तापलं की त्यात प्राणवायू कमी मावतो, आणि खाऱ्या पाण्यात तो मुळातच गोड्यापेक्षा कमी मावतो. त्यात घाबरलेला मासा पहिल्या पाव तासात सगळ्यात जास्त श्वास घेतो आणि सगळ्यात जास्त घाण करतो. म्हणून पहिल्या १५ मिनिटांनी अर्धं पाणी काढून त्याच जागेचं ताजं पाणी घाला. ही एक गोष्ट केलीत तरी निम्मं काम झालं. त्यानंतर दर पाच मिनिटांनी पाणी बदलत राहण्याचा सल्ला ऐकू नका. प्रत्येक वेळी मासा पुन्हा घाबरतो.

पाणी त्याच जागेचं म्हणतोय, त्यालाही कारण आहे. आतल्या ओहोळात ओहोटीचं पाणी निमखारं असतं आणि तुम्ही गरवता तोंडाशी, जिथे भरतीबरोबर सरळ समुद्राचं पाणी येतं. बोय दोन्ही सोसते, पण हळूहळू. तोंडाशी पोचल्यावर बादलीतलं पाव पाणी काढा, तितकंच तिथलं घाला, दहा मिनिटं थांबा, पुन्हा तसंच करा. थेट गरीवर लावून खाऱ्यात टाकलेली बोय जागच्या जागी फिरत राहते. तशा बोयीकडे तांबोशी बघतसुद्धा नाही.

बादली पांढरी घ्या, काळी तापते. तोंडावर ओलं गोणपाट टाका. पाणी थंड राहतं आणि बोय उडी मारून बाहेर पडत नाही. फिशटँकचा बॅटरीवरचा पंप आणि बारीक बुडबुड्यांचा दगड असेल तर उत्तम. बर्फ सुटा टाकू नका. बाटलीत पाणी गोठवून बंद बाटली सोडा, पाणी किंचित गार वाटलं की काढून घ्या. प्राणवायूच्या गोळ्या मी दोनदा वापरल्या आणि सोडून दिल्या. गर्दी असेल तर त्या वाचवत नाहीत, आणि गर्दी नसेल तर त्यांची गरज नाही.

एकाच जागी बसून गरवणार असाल तर हे सगळं बाजूला ठेवा. झाकणाच्या बादलीला पेन्सिल जाईल एवढी भोकं चहूबाजूंनी पाडा, बोयी आत घाला, झाकण बांधा आणि दोरीने ती पाण्यातच सावलीच्या बाजूला बांधून ठेवा. मी हल्ली बहुतेक वेळा हेच करतो. संध्याकाळपर्यंत बोयी सकाळसारख्या असतात.

पाग येत नसेल तर

पाण्याच्या पाच लिटरच्या बाटलीचं तोंड कापून उलटं आत बसवा, भोकं पाडा, आत भाताचा कोंडा, खोबऱ्याची पेंड आणि थोडी चुरलेली सुकट घाला, दगड बांधा, ओहोळाच्या तोंडाशी तासभर ठेवा. बोय क्वचितच शिरते, पण खरबे आणि चिंगूळ (लहान कोळंबी) येतात. चिंगूळ पालूला उत्तम.

गरीवर

ओढीच्या पाण्यात बोयीच्या वरच्या ओठातून, संथ पाण्यात पाठीवरच्या पंखाच्या जरा पुढून, कण्याच्या वर. चिंगूळ असेल तर डोक्याच्या काट्यामागे आरपार दिसणारा काळा ठिपका चुकवा. तो टोचला की ती लगेच मरते.

उरलेल्या बोयी जिथल्या तिथे परत नेऊन सोडा, पाव-पाव पाणी बदलूनच. पाग गोड्या पाण्यात धुवा आणि सावलीत वाळवा, उन्हात नायलॉन ठिसूळ होतं.