विषप्रयोगाची जुनी गोष्ट कशी तपासावी : बडोद्याच्या एका पेल्यावरून

बडोद्यात दांडिया बाजारातल्या किंवा रावपुऱ्यातल्या एखाद्या जुन्या मराठी घरी तिथले एके काळचे महाराज मल्हारराव गायकवाड यांचा विषय निघाला, की गोष्ट साधारण एकाच वाक्यात संपते : रेसिडेंटाला, म्हणजे दरबारात नेमलेल्या इंग्रज सरकारच्या प्रतिनिधीला, सरबतातून हिऱ्याची पूड पाजली, म्हणून गादी गेली. या वाक्यातले ‘पाजली’ हे क्रियापद सिद्ध झालेले नाही आणि ‘म्हणून’ हे अव्यय सरळ चुकीचे आहे. मी स्वतः कित्येक वर्षे ही गोष्ट पाहुण्यांना अशीच सांगत असे. पुढे कागद वाचले तेव्हा ती पुन्हा नीट जुळवावी लागली. ज्यांना आपल्या गावातली अशी काळोखी हकीकत लिहायची किंवा सांगायची आहे, त्यांना ती जुळवण्याची रीत उपयोगी पडेल.

प्रथम घटना नेमक्या दिवसावर आणून ठेवावी. ‘मल्हाररावांच्या काळात’ असे म्हणून काहीच हाती लागत नाही. ‘९ नोव्हेंबर १८७४, सोमवार’ असे म्हटले की पंचांग, पत्रव्यवहार आणि वर्तमानपत्रे उघडता येतात. हा दिवस आश्विन अमावास्येच्या आसपासचा, म्हणजे ऐन दिवाळीचा आहे. त्या सकाळी रेसिडेंट कर्नल रॉबर्ट फेअर फिरून परत आले, नेहमीप्रमाणे ठेवलेल्या पपनसाच्या सरबताचे एकदोन घोट त्यांनी घेतले, अस्वस्थ वाटल्यामुळे उरलेले ओतून दिले आणि पेल्याच्या तळाशी गाळ राहिलेला पाहिला. त्या गाळात सोमल, म्हणजे आर्सेनिक हे विष, होता, असे तपासणीत निघाले. पेल्याबद्दल खात्रीने सांगता येते ते जवळजवळ एवढेच, आणि तेवढेच आधी वेगळ्या कागदावर लिहून ठेवावे. हिऱ्याची पूड आरोपात होती. पण हिरा रासायनिक विष नाही, त्याची दहशत लोकसमजुतीची आहे. श्रोत्यांना मात्र सोमलापेक्षा हिराच जास्त लक्षात राहतो, हा माझा अनुभव.

यानंतर घटनेच्या मागचा आठवडा तपासावा. या कामात मला सर्वांत मोलाचा वाटलेला कागद पेल्याचा नव्हे, तर २ नोव्हेंबरच्या खलित्याचा, म्हणजे दरबारी पत्राचा, आहे. त्या दिवशी मल्हाररावांनी फेअर यांना बडोद्यातून बदलावे, अशी विनंती हिंदुस्थान सरकारकडे केली होती. ज्याच्या बदलीचा अर्ज नुकताच धाडला आहे, त्याच्यावर सातव्या दिवशी विष कोण घालील, असा प्रश्न येथे उभा राहतो. आणि ज्याला हटवायची एवढी निकड आहे त्याने दुसराही मार्ग चाचपला नसेल कशावरून, असा उलट प्रश्नही तितक्याच जोराने विचारता येतो. दोन्ही प्रश्न लिहावेत आणि आपल्याला आवडणारा ठेवून दुसरा पुसून टाकू नये. बदली अखेर झालीच : त्याच महिन्याच्या अखेरीस फेअर यांना दूर करण्याचे ठरले आणि त्यांच्या जागी सर लुईस पेली आले.

वंशवेल काढायला विसरू नये, कारण संस्थानी गोष्टीत संशय पिढीजात असतो. खंडेराव गायकवाडांनी आपल्याच जिवावर उठल्याच्या संशयावरून धाकट्या भावाला, म्हणजे या मल्हाररावांना, बडोद्याजवळच्या पादरा गावी कैदेत ठेवले होते. नोव्हेंबर १८७० मध्ये खंडेराव वारले तेव्हा त्यांच्या पत्नी जमनाबाई गरोदर होत्या, आणि १८७१ मध्ये मुलगी झाली म्हणूनच मल्हाररावांची गादी टिकली. मुलगा झाला असता तर ही सगळी हकीकत घडलीच नसती. कैदेतून थेट गादीवर आलेला माणूस कोणाकडे कसा पाहत असेल, हे ही वेल समोर ठेवल्यावर कळू लागते.

सर्वांत जास्त वेळ साक्षीदारांवर घालवावा. प्रत्येकाच्या नावापुढे तीन गोष्टी लिहाव्यात : त्याने स्वतः काय पाहिले, तो कोणाच्या ताब्यात होता, आणि बोलल्याबद्दल त्याला काय मिळणार होते. येथे रेसिडेन्सीतला हवालदार रावजी पेल्यात पूड टाकल्याचे कबूल करतो, पण माफीच्या वचनावर. महाराजांचे खासगी कारभारी दामोदरपंत विष मिळवल्याचे सांगतात, तेही माफीच्याच वचनावर. रावजीच्या पट्ट्यात पुडी सापडते ती मुंबईहून आलेल्या पोलीस अधिकाऱ्याला, आणि मल्हाररावांचे बॅरिस्टर सार्जंट बॅलंटाइन नेमके याच जागी बोट ठेवतात. जमादार नरसू याला मात्र माफीचे वचन नव्हते. त्याने कबुली दिली आणि विहिरीत उडी घेतली, तो वाचला. माझ्या मते या प्रकरणातला सर्वांत अंधारा कोपरा हीच विहीर आहे, आणि लोक ती वगळून हिऱ्याकडे धावतात. हे सारे जबाब दुभाष्यामार्फत इंग्रजीत उतरलेले आहेत, याचेही भान असावे; दरबारचे कागद मोडीत आहेत, तेव्हा मोडी वाचणारे माणूस सोबत असल्याशिवाय दफ्तराकडे जाण्यात अर्थ नाही.

निकाल वाचताना आरोप, पंचांचे मत आणि सरकारची कृती हे तीन कागद कधीही एकत्र करू नयेत. फेब्रुवारी १८७५ मध्ये सहा जणांच्या आयोगापुढे चौकशी सुरू झाली. अध्यक्ष सर रिचर्ड काउच आणि दुसरे दोन इंग्रज सदस्य यांना आरोप शाबीत वाटला. ग्वाल्हेरचे जयाजीराव शिंदे, जयपूरचे रामसिंह आणि ग्वाल्हेरचे माजी दिवाण सर दिनकरराव यांना तो शाबीत वाटला नाही. मत तीनास तीन असे फुटले. तरीही एप्रिलमध्ये मल्हाररावांना पदच्युत केले गेले, आणि जाहीरनाम्यात कारण दिले ते विषप्रयोगाचे नव्हे, तर कुख्यात वर्तन, घोर गैरकारभार आणि नालायकपणा यांचे. गैरकारभाराच्या तक्रारींची चौकशी १८७३ मध्येच एका आयोगाने केलेली होती आणि मधल्या काळात दादाभाई नौरोजी दिवाण म्हणून येऊन निघूनही गेले होते. म्हणजे पेला नसता तरी गादी गेली असती का, हा खरा वादाचा मुद्दा आहे. तो श्रोत्यांपुढे ठेवावा, उत्तर देऊ नये. गोष्ट सांगताना ‘म्हणून’ या शब्दाच्या जागी ‘त्यानंतर’ एवढाच बदल केला तरी पुष्कळ साधते.

आता कुठे थांबायचे ते. बहुतेक जण २७ मे १८७५ ला, नाशिककडच्या कवळाण्याहून आणलेल्या गोपाळरावाला, म्हणजे पुढच्या सयाजीरावांना, जमनाबाईंनी दत्तक घेतले तिथे येतात, मग सयाजीरावांची शाळा, ग्रंथालये आणि सुधारणा सांगत सुटतात आणि मल्हाररावांना वाटेतच सोडून देतात. तसे करू नये. दत्तकविधान एका वाक्यात उरकावे आणि मद्रासला जावे. तिथे नजरकैदेत असतानाच १८८२ मध्ये मल्हारराव वारले.